जंगलाकाठच्या आखाड्यावर लाकडी डेक: आधी कागद, मग खड्डा, मग लाकूड

किनवट-माहूरचा सागाचा पट्टा असो, कन्नडकडचा गौताळ्याचा डोंगर असो की येडशीच्या रामलिंग घाटाची झाडी, शेतातल्या घरापुढं किंवा आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) बसायला लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी सुतार गाठतात. सुतार शेवटी लागतो. डेक अडकतो तो तीन ठिकाणी: जमीन कुणाची, खाली माती कोणती आणि लाकूड आलं कुठून. तिन्हींचा निकाल लागला की उरलेलं काम दोन माणसांचं, आठवड्याभराचं.

जमिनीचा कागद

ताजा 7/12 आणि 8अ (खातेउतारा) काढा. 7/12 वर क्षेत्राच्या आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग 1 (सरकारी अटी नसलेली) असेल तर वाट बरीच सोपी. वर्ग 2 (सरकारी अटींनी बांधलेली) असेल, तर इतर हक्काच्या रकान्यातली प्रत्येक ओळ वाचा. मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या इनाम, मदतमाश (उपजीविकेसाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेल्या), देवस्थान अशा जमिनी भरपूर आहेत. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 खाली मिळालेल्या जमिनींवरही अटी चढलेल्या असतात. अशा जमिनीवर काहीही उभं करण्याआधी तहसील कार्यालयात लेखी विचारा. तोंडी ‘काही होत नाही हो’ या उत्तराला पुढं कुणी ओळखत नाही.

किनवट-माहूरकडे आणखी एक गोष्ट तपासावी लागते. मूळ मालक आदिवासी असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ मुळे हस्तांतरणावर बंधनं येतात. जमीन नुसती ‘करून खायला’ घेतली असेल, तर तिच्यावर डेक बांधणं म्हणजे वादाला आमंत्रण. वनहक्काचा पट्टा वारसानं पुढं जातो, विकता मात्र येत नाही. तिथं पैसा घालताना हे ध्यानात असू द्या.

मग हद्द. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा गट नकाशा अंदाजाला बरा, पण झाडीत बांध दिसत नाहीत आणि शेजारी वन विभागाची जमीन असेल तर अंदाज महागात पडतो. भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या आणि क प्रत (मोजणीचा सरकारी नकाशा) हातात ठेवा. वन विभागाचे सीमेवरचे बुरूज मोजणीच्या दिवशीच दाखवून घ्यावेत. वनजमिनीत एक फळीसुद्धा सरकली, तर ती बाब 1980 च्या वन संवर्धन कायद्यात जाते आणि ग्रामपंचायतीचा कागद तिथं चालत नाही. गायरानाच्या बाजूलाही तसंच. गावात सदस्य असाल किंवा पुढं उभं राहायचा विचार असेल, तर जास्तच सांभाळा. शासकीय जमिनीवरचं अतिक्रमण हे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली सदस्य अपात्र होण्याचं कारण आहे, आणि विरोधी पॅनलला मोजायला टेप लागतो, दुसरं काही नाही.

परवानगी कुणाकडं

घर गावठाणात असेल तर अर्ज ग्रामपंचायतीकडे, अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे. सोबत नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या घर आकारणीचा) उतारा लागतो. स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही जोडा. 2021 पासून ग्रामीण भागातल्या लहान भूखंडांसाठी बांधकाम परवानगीची पद्धत सोपी केलेली आहे. तरी वास्तुविशारदाचा किंवा परवानाधारक अभियंत्याचा दाखला लागतोच. तालुक्याला असा अभियंता शोधून नकाशा त्याच्याकडूनच काढून घ्या.

शेतात असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 41 बघायचं. शेतघर हे शेतीसाठी आणि शेती करणाऱ्या कुटुंबासाठी, हा त्याचा पाया. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागातल्या शेतघराला चटई निर्देशांक (जमिनीच्या प्रमाणात किती बांधता येतं ते) 0.0375 दिला आहे. म्हणजे 0.4 हेक्टरला, ढोबळ एका एकराला, 150 चौरस मीटर. 12 × 10 फुटांचा डेक भरतो जेमतेम 11 चौरस मीटर. अडचण डेकच्या आकारात नसते. मूळ शेतघरच नोंदलेलं नसतं, ही खरी अडचण. घर कागदावर नसताना त्याच्यापुढच्या डेकची परवानगी मागायला गेलात, तर आधी घराची फाइल उघडते. म्हणून दोन्ही एकाच नकाशात दाखवा. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल, तर ती घरासाठी वापरायची सोपी वाट लागू होते का, तेही त्याच खेपेत विचारून घ्या.

छताबद्दल आधीच ठरवा. उघडा, घरापासून सुटा, जमिनीपासून दोन फुटांच्या आतला डेक ही एक गोष्ट. त्यावर पत्रे टाकले की ते क्षेत्र बांधकामात मोजण्याचा प्रश्न येतो. अर्जात ‘छत नाही, भिंती नाहीत, घराला जोडलेला नाही’ असं स्पष्ट लिहा. पुढं पत्रे टाकायचे असतील, तर आत्ताच नकाशात दाखवलेले परवडतात.

अभयारण्याजवळ असाल तर उपवनसंरक्षक कार्यालयात आपला गट नंबर पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे लेखी विचारा. रस्त्याकडेला असाल तर रस्ता बांधकाम विभागाचा की जिल्हा परिषदेचा, हे शोधून तिथून सोडायचं अंतर घ्या. वरून तार जात असेल तर स्वतःच मोजा: घरगुती लाइनपासून आडवं 1.2 मीटर आणि उभं 2.5 मीटर, 11 केव्हीच्या लाइनपासून आडवं 1.2 आणि उभं 3.7 मीटर. उन्हाळ्यात तार झोळते, म्हणून मोजमाप मे महिन्यातल्या दुपारचं धरावं.

फाइलमध्ये काय काय लागतं: 7/12, 8अ किंवा नमुना 8, मोजणीची क प्रत, चतुःसीमा दाखवणारा जागेचा नकाशा, डेकचा नकाशा आणि उभा छेद, अभियंत्याचा दाखला, आणि 7/12 वर जेवढी नावं तेवढ्यांच्या सह्यांचं संमतिपत्र. भावकीतली एक सही राहिली की काम तिथंच थांबतं. पुण्याला राहणाऱ्या चुलतभावाची सही दिवाळीला तो गावी आला की उरकून घ्या. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि तारीख टाकलेली पोहोच घ्या. पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा, कारण मुदत तिथूनच मोजतात.

झाडं

महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, चंदन, ऐन, हळदू, अंजन, बिजा, तिवस ही झाडं आहेत. झाड तुमच्या शेतातलं, तुम्हीच लावलेलं असलं तरी आधी परवानगी लागते. अर्ज तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा. परवानगी मिळून साग तोडला, तरी शेतातून गिरणीत न्यायला वाहतूक परवाना आणि लाकडावर हातोड्याचा शिक्का लागतो. ‘दोनच तर ओंडके आहेत’ म्हणून ट्रॅक्टरमध्ये टाकले आणि नाक्यावर अडवले, तर लाकडासकट ट्रॅक्टर जातो. विकतचं लाकूड परवाना असलेल्या गिरणीतूनच घ्या. पावतीवर जात, घनफूट आणि तारीख असलीच पाहिजे. ती पावती डेक उभा आहे तोवर जपायची. जंगलाशेजारच्या घरात नवं सागवान दिसलं की कुणीतरी विचारणारच.

खासगी जमिनीतल्या बांबूचं मात्र सोपं झालंय. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी झाड राहिलेला नाही. कठडा आणि आडोसा बांबूचा केला तर कागदांचा बराच त्रास वाचतो.

जागा निवडताना

सागाच्या सावलीच्या भरवशावर डेक मांडू नका. साग ऐन उन्हाळ्यात बिनपानांचा असतो. बेचाळीस अंश असताना वर नुसत्या काड्या आणि खाली वाळलेल्या पानांचा थर. लिंब, चिंच, आंबा यांची सावली मे महिन्यात कामाला येते. घराच्या पूर्वेला डेक ठेवला, तर दुपारनंतर घराचीच सावली मिळते. पश्चिमेचा डेक संध्याकाळी सातपर्यंत तापलेला असतो.

वर बघा. वाळकी फांदी असेल तर डेक व्हायच्या आधी उतरवा. आग्या मोहोळ दरवर्षी ज्या झाडाला बसतं, ते झाड सोडूनच द्या. खोडाजवळ खड्डा घेताना मनगटाएवढं मूळ लागलं, तर मूळ तोडू नका, खड्डा सरकवा. खोड डेकमधूनच वर काढायचं असेल, तर भोवती किमान तीन इंच मोकळे ठेवा. वळवाच्या वाऱ्यात खोड हलतं आणि फळ्या उखडतात.

डेक घराला टेकवू नका, हे मराठवाड्यात जरा जोर देऊन सांगावं लागतं. जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या असतात. बोल्ट त्यात धरत नाही, उलट दगड सैल होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारी परिसरात अशा जड छताच्या, मातीत बांधलेल्या भिंतींनीच माणसं गाडली. त्या भिंतीला नवं ओझं लटकवायचं कारण नाही. डेक स्वतःच्या पायांवर, भिंतीपासून दोन इंच सुटा.

माती

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा देते. तिच्यावर टेकवलेला डेक पहिल्याच वर्षी एका कोपऱ्यातून उचलतो. डोंगरउतारावर मुरूम दोन-तीन फुटांवर लागतो, नदीकाठच्या भारी रानात मात्र सात-आठ फूटही काळीच. म्हणून आखणीच्या आधी एक चाचणी खड्डा घ्या.

माती किती फुगते, हे घरीही कळतं. वाळवून, कुटून, बारीक चाळलेली माती 10 ग्रॅम तोलून दोन मोजपात्रांत टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल 100 मिलीपर्यंत भरा, काडीनं ढवळून हवा काढा आणि 24 तास हलवू नका. रॉकेलात माती फुगत नाही. समजा रॉकेलात ती 10 मिलीला बसली आणि पाण्यात 16 ला, तर फुगवटा 60 टक्के. भारतीय मानकानुसार 50 च्या वर म्हणजे अतिशय फुगणारी. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, हा भाग वेगळा; एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हीच चाचणी करून मिळते.

मुरूम पाच फुटांच्या आत लागत असेल, तर खड्डा घट्ट मुरमापर्यंत न्या. त्याहून खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी विकसित केलेली, तळाशी गोळा असलेली पाइल (जमिनीत खोल नेलेला काँक्रीटचा खांब) हा उपाय आहे. पण 120 चौरस फुटांच्या डेकला तो खर्च जड जातो. अशा जागी डेक आणखी लहान करा आणि खाली सांगितलेला नटाचा पाया वापरा.

आखणी आणि पाया

12 × 10 फुटांचा डेक धरू. 12 फुटांच्या दिशेनं दोन तुळया, एकमेकींपासून 8 फुटांवर. प्रत्येक तुळईखाली तीन ठोकळे, 5 फुटांच्या अंतरानं. चारी बाजूंना एक-एक फूट डेक बाहेर येतो. सुतळी बांधली की कोपऱ्यातल्या ठोकळ्यांचे दोन्ही कर्ण मोजा: 12 फूट पावणेदहा इंचाच्या आसपास आणि दोन्ही सारखे यायला हवेत. गुण्यावर (काटकोन मापायच्या पट्टीवर) विसंबू नका, एवढ्या लांबीला तो पुरत नाही.

सहा खड्डे, प्रत्येकी 2 × 2 फूट, किमान 3 फूट खोल. तळाला 3 इंच 1:4:8 चा (सिमेंट:वाळू:खडी) कोबा, त्यावर दीड फूट चौरस आणि 9 इंच जाडीचा 1:1.5:3 चा थर, त्यातून 9 इंची चौकोनी ठोकळा जमिनीवर 6 इंच येईल एवढा. ठोकळ्यात 10 मिमीचे चार उभे बार आणि 8 मिमीच्या रिंगा. सगळं मिळून सिमेंट 5 ते 6 गोण्या, वाळू 11 घनफूट, खडी 21 घनफूट. ठोकळ्याभोवती प्लास्टिक दोन पदरी गुंडाळा आणि खड्डा मुरमानंच भरा. निघालेली काळी माती परत ढकलली, तर ती पावसाळ्यात फुगताना ठोकळ्याला बाजूंनी धरून वर ओढते. प्लास्टिकमुळं ती घसरून जाते.

मुरूम भरायच्या आधी वाळवीचं औषध. क्लोरपायरिफॉस 20 ईसी एक लिटर, पाणी 19 लिटर, खड्ड्याच्या तळाला आणि भिंतींना. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर हे औषध टाळा आणि लोखंडी सांगाडा करा.

ठोकळ्याच्या डोक्यावर 20 मिमीचा आटे पाडलेला रॉड मधोमध गाडून ठेवा, वर 4 इंच उघडा. त्यावर खालून-वरून नट आणि मध्ये 6 × 6 इंची, 8 मिमी जाडीची प्लेट. तुळई प्लेटवर बसते. एखादा ठोकळा पुढं सूतभर (इंचाचा आठवा भाग) हलला, तर खालचा नट पान्यानं फिरवून डेक पातळीत आणता येतो. सहा रॉड, बारा नट, सहा प्लेटा: काळ्या मातीत यापेक्षा स्वस्त विमा नाही. प्लेटा पातळीत आणायला पारदर्शक नळी पाणी भरून वापरा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की अर्धा इंच चुकतो.

सांगाडा आणि फळ्या

सांगाडा लाकडी करायचा तर तुळया 3 × 6 इंच, वासे 2 × 6 इंच, वाशांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 16 इंच. दहा वासे, प्रत्येकी 10 फूट. दोन्ही टोकांना 2 × 6 च्या पट्ट्या. वर 4 इंच रुंद, 1 इंच जाड फळ्या, 28 नग, 12 फुटी. हिशेब: वासे 8.3, तुळया 3, टोकाच्या पट्ट्या 2, फळ्या 9.3, एकूण 22.6 घनफूट, कापाकापी धरून 25 सांगा. गिरणीत रंधा मारल्यावर इंचाची फळी सात सूतच राहते, हे धरूनच 16 इंच अंतर दिलंय. दोन फुटांवर वासे ठेवून पैसे वाचवले, तर फळी पायाखाली झुलते.

वाळवीच्या भागात सांगाडा लोखंडीच बरा. तुळयांना 100 × 50 × 3 मिमी आणि वाशांना 80 × 40 × 3 मिमी बॉक्स पाइप, वजन सुमारे 250 किलो. लाकूड मग फक्त फळ्यांपुरतं, साडेदहा घनफूट. पाइपांची टोकं वेल्डिंगनं बंद करायला लावा. उघड्या टोकातून पाणी आणि गांधीलमाशा दोन्ही शिरतात. रेड ऑक्साइडचे दोन हात वेल्डिंग घासल्यानंतर, आधी नाही.

फळ्यांना साग किंवा जुन्या बाभळीचा गाभा. बाहेरचं पांढरं लाकूड असलेली फळी परत पाठवा. वाळवी आणि बुरशी तिथूनच सुरुवात करतात. निलगिरी पिळवटते, सुबाभूळ किडते, दोन्हींच्या वाटेला जाऊ नका.

फटीचं गणित ऋतूवर आहे. सुकलेली फळी मे महिन्यात बसवत असाल तर दोन सूत फट, कारण जुलैत ती रुंदावणार. ऑगस्टच्या ओलीत बसवत असाल तर एक सूत पुरे, पुढं ती आपोआप वाढते. फळ्या एकमेकींना भिडवल्या, तर पहिल्या पावसात मधोमध कमान धरतात आणि स्क्रूची डोकी तुटतात. स्क्रू 304 स्टेनलेसचे, अडीच इंची, प्रत्येक वाशावर दोन, एकूण 560; सहाशे आणा. आधी ड्रिलनं भोक पाडलं नाही तर सागाची फळी टोकाला चिरते. लोखंडी सांगाड्याला स्वतःच भोक पाडणारे स्क्रू मिळतात, ते घ्या. काळे ड्रायवॉलचे स्क्रू दोन पावसाळेही टिकत नाहीत.

डेकची उंची पावणेदोन फुटांच्या आसपास येते. तेवढ्याला कठडा लागत नाही, सात-सात इंचांच्या तीन चढणी पुरतात. त्याहून खाली डेक घेऊ नका. खालून झाडू आणि नजर दोन्ही फिरली पाहिजेत. सहा इंचांच्या बंद पोकळीत घोणस किंवा मण्यार बसली तर कळतच नाही. चारी बाजूंनी अर्धा इंची वेल्डमेश लावायची असेल तर एक बाजू कडी-कोयंड्याची ठेवा. उतारावर खालच्या अंगाला उंची अडीच फुटांवर जात असेल, तिथं तीन फुटी कठडा हवाच, आणि दोन दांड्यांतली फट चार इंचांच्या आत.

बांबूचा कठडा असेल तर 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक अॅसिड विरघळवून बांबू आठवडाभर बुडवा. आधी सळईनं आतल्या गाठी फोडा, नाहीतर द्रावण आत जातच नाही. हे मीठ पावसानं धुऊन निघतं, म्हणून वरून वॉर्निश लागतंच.

वर्षभराची देखभाल

फेब्रुवारी ते मे हा वणव्याचा काळ. डेकभोवती 15 फुटांचा पट्टा पाचोळा काढून मोकळा ठेवा, वन विभाग जाळरेषा ठेवतो तसा. फक्त पाचोळा तिथं पेटवू नका, ओढून खतात टाका. फळ्यांच्या फटीत अडकलेली सागाची पानं पातळ पट्टीनं काढा. ठिणगी तिथंच धरते आणि पावसाळ्यात ओलही तिथंच राहते. चूल, शेगडी, बार्बेक्यू डेकवर नको.

मृगाच्या आधी सगळे स्क्रू आणि नट एकदा फिरवून बघा. दिवाळीनंतर, जमीन सुकू लागली की, नळी लावून पातळी तपासा आणि लागेल तो नट फिरवा. तेलाचा हात त्याच सुमारास द्या. घाण्याचं कच्चं जवस तेल लवकर वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्या, त्यात चौथा हिस्सा टर्पेंटाइन मिसळून फडक्यानं पातळ लावा आणि अर्ध्या तासानं वरचं पुसून घ्या. 120 चौरस फुटांना लिटर-दीड लिटर जातं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा, नंतर एकेक करून मोकळ्या दगडावर पसरून वाळवा आणि मगच फेका.